साडूभाऊंचा एकोणतिसावा दिवस

विमा विकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण विम्यात काय काय मिळणार नाही हे सांगताना आनंदानं टाळ्या पिटणारा माणूस अख्ख्या देशात एकच झाला असावा, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे हे यजमान. जवळा बाजार या गावी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं, त्यामुळे सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. नव्वदच्या आगेमागे कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी घराच्या विम्याची एजन्सी घेतली आणि तेव्हापासून मास्तरांच्या मशीनपेक्षा मास्तरांचं तोंड जास्त चालायला लागलं. बाकीचे एजंट आधी गोड बोलतात, फायदे सांगतात, सही घेतात आणि नंतर हाताला लागत नाहीत. यांचं सगळंच उफराटं. गिऱ्हाईक जरा टेकलं की हे मांडीवर थाप मारून सुरू व्हायचे, "ऐका, गंमत ऐका! काय काय मिळनार न्हाई ते आधी ऐका!" ते ऐकल्यावर गिऱ्हाईक विमा तर घ्यायचंच नाही, पण कधी कधी शिवायला टाकलेलं कापडही परत घेऊन जायचं.

कंपनीनं पॉलिसीची जी पुस्तिका दिली होती ती इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. एजंट ती गिऱ्हाइकाच्या हातात देतो, गिऱ्हाईक ती ट्रंकेच्या तळाशी घालतं. ती वाचायची असते हे दोघांच्याही गावी नसतं. आमचे साडू मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्यांनी माझ्याकडून हिंगोलीहून डिक्शनरी मागवली आणि दोन वर्षं खपून त्या पुस्तिकेतली प्रत्येक 'मिळणार नाही'ची ओळ लाल पेन्सिलीनं अधोरेखित करून मराठीत उतरवून काढली. मिळणाऱ्या गोष्टींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मिळनारं काय, कोनीबी सांगंल हो साडूभाऊ. माणूस बुडतो तो न मिळनाऱ्यात!" मी पोस्टातला माणूस, नियमांवर जगणारा. मला त्यांचं हे म्हणणं त्या वेळी अगदी पटलं होतं, हे इथंच कबूल करून टाकतो.

शिंप्याच्या धंद्याचा त्यांनी या कामी जो उपयोग करून घेतला त्याला तर तोडच नाही. माप देणारा माणूस हात पसरून उभा असतो, अंगाभोवती टेप असतो. तो बिचारा पळणार कुठं? पुसेगावचे एक शेतकरी लेकाच्या लग्नासाठी स्वतःचा नेहरू शर्ट शिवायला आले होते. छातीचं माप घेता घेता साडूंनी विचारलं, घर कशाचं? मातीच्या भिंती, वर माळवद, ते म्हणाले. "कच्चं! मिळनार न्हाई!" साडू एवढ्या आनंदानं ओरडले की तो माणूस दचकून टेपातच आवळला गेला. मग बाहीचं माप घेताना भिंतीची ओल, कमरेचं घेताना वाळवी आणि जुनी होऊन आपोआप पडलेली भिंत, असं करत करत साडू युद्धापर्यंत पोचले. "दुसऱ्या देशानं बॉम्ब टाकला, घर भुईसपाट झालं, तरी मिळनार न्हाई!"

"मास्तर, पुसेगावावर बॉम्ब काहून टाकतील हो?"

"बराबर! काहूनच टाकतील? म्हंजे ही तकलीफ तुमाला होनारच न्हाई. झाला का न्हाई फायदा?"

त्या गडबडीत शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब झाली आणि लेकाच्या लग्नात ते गृहस्थ दिवसभर एक हात पाठीमागे लपवून उभे होते.

कापूस वेचणीला आला की आमच्याकडे घरातली बैठक कापसाला जाते आणि माणसं ओसरीवर येतात. भाव चढेपर्यंत आढ्याला टेकेल इतका कापूस, आणि आलेला पाहुणाही त्याच्यावरच लवंडतो. आता पुस्तिकेत असं होतं की साठवलेला माल आतल्या आत तापून आपोआप पेटला तर भरपाई नाही. साडूंचं हे सगळ्यात लाडकं कलम! कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी ते कापसात कोपरापर्यंत हात घालायचे, आजारी लेकराचा ताप बघावा तसा. त्यांच्या एकुलत्या एक मुलीसाठी पहिलं स्थळ बघायला गेलो तेव्हा मी सोबत होतो. मुलाचे वडील "या, बसा" म्हणेपर्यंत साडूंचा हात कापसात गेलासुद्धा. त्यांना वाटलं पाहुणे व्यापारी दिसतात, म्हणून ते भावाचं बोलायला लागले. साडू डोळे मिटून म्हणाले, "गरम लागून राहिला! पेटला तर काय मिळनार न्हाई बरं का!" शुभकार्याला आलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मुलाची आजी उठून आत गेली ती परत आलीच नाही. स्थळ अर्थातच मोडलं. परतताना मी रागानं बोलत नव्हतो आणि साडू मात्र खुशीत, कारण त्यांनी म्हणे एक घर जळण्यापासून वाचवलं होतं.

आमच्या घरावरही त्यांनी एकदा प्रयोग केला. पॉलिसीप्रमाणे चोरी म्हणजे कुलूप, कडी, खिडकी काहीतरी तोडून झालेली चोरी. उघड्या दारानं चोर आत आला तर ती चोरी धरत नाहीत. हे आम्हाला तोंडानं सांगून समजत नाही असं दिसल्यावर ते एकदा दिवेलागणीला हिंगोलीत आमच्या घरी आले, दार सताड उघडं होतं, बायको देवापाशी दिवा लावत होती, मी मागे आंघोळीचं पाणी काढत होतो. त्यांनी आमचा रेडिओ उचलला आणि शेजारच्यांच्या ओट्यावर जाऊन बातम्या ऐकत बसले. आम्ही आरडाओरडा करून गल्ली गोळा केली तेव्हा हे टाळ्या वाजवत पुढे आले, "कुलूप तुटलं न्हाई, कडी तुटली न्हाई. मिळनार न्हाई!" बायको संतापून म्हणाली, "दाजी, लक्ष्मी यायच्या टायमाला दार लावून घेऊ का आता?" त्यावर ते म्हणाले, "नका लावू. पन लक्ष्मीवर नजर ठेवायला एक माणूस बसवा." तेव्हापासून संध्याकाळी दारात मी बसतो.

असा माणूस विमा काय विकणार? नातेवाईक त्यांना टाळायचे. बारशाला बोलावलं तर हे यजमानाच्या भिंतीच्या भेगा मोजायचे. माझ्या नव्या घराचा स्लॅब पहिल्याच पावसाळ्यात ठिबकला, तेव्हा बादली सरकवायच्या ऐवजी ते बादलीभोवती नाचले होते, कारण गळणं पॉलिसीत बसत नाही. पण एक सांगतो, खोटं बोलून त्यांनी एकालाही विमा विकला नाही, आणि मनात आणलं असतं तर त्यांना ते सहज जमलं असतं.

आणि मग एक जोडपं असं भेटलं की ज्यानं त्यांची सगळी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. बाजारापासून दोन कोसांवर एक तांडा आहे. तिथले लोक शेती करतात, पण दसरा झाला की निम्मा तांडा घरांना कुलपं घालून ऊसतोडीला जातो, तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परततो. त्या तांड्यावरचे थावरा आणि कमळाबाई. कितीतरी हंगाम ऊस तोडून त्यांनी पक्क्या विटांच्या दोन खोल्या बांधल्या होत्या, वर नवे कोरे पत्रे. कमळाबाई पोलकं शिवायला आली आणि साडूंनी सुरुवात केली. ओल, वाळवी, बॉम्ब, कापूस, उघडं दार, सगळं झालं. थावरा दाराशी बसून नुसती मान हलवत होता. कमळाबाई मात्र म्हणाली, "मास्तर, ते तीस दिसाचं पुन्ना सांगा."

"घर सलग तीस दिसाच्या वर रिकामं पडलं तर विमा खलास! काहीच मिळनार न्हाई!"

"आमचं तर सहा महिने रिकामंच ऱ्हातं. सगळा जीव तिकडं घराकडं लागून ऱ्हातो, म्हनून तर विमा घ्यावा म्हनलं. मंग आमी घर बांधलं तेच चुकलं म्हना की."

साडूंचा टाळीसाठी वर गेलेला हात तसाच वर राहिला. तोवर त्यांच्या यादीला कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. मग ते एकदम उत्साहानं म्हणाले, "रिकामं ऱ्हाऊच द्यायचं न्हाई! चावी देऊन जा. दर एकोनतिसाव्या दिवशी मी येतो अन् ऱ्हातो!"

त्या जोडप्यानं विमा घेतला, चावीही ठेवून गेले. तरी मला वाटलं, बोलून गेले असतील. कसलं काय! दसऱ्यानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकोणतिसाव्या दिवसाला लाल गोल झाले आणि त्या दिवशी दुकान बंद. लुनाला मागे वळकटी, पुढे चहासाखरेची पिशवी. तांड्यावर जायचे, कुलूप काढायचे, चूल पेटवायचे, दिवसभर तिथं राहून मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे. तांड्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आधी वाटलं, मास्तरांचं घरी भांडण झालंय. एकीनं तर अक्कांना निरोप धाडला की झालं गेलं विसरा अन् घरी बोलवून घ्या. अक्का आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "सवत केली असती तरी एवढा नेमानं गेला नसता हा माणूस." मी समजूत घालायला गेलो तर मलाच म्हणाले, "साडूभाऊ, तुमी फकस्त एक दिवस येऊन बघा. रिकामं घर राखायला काय मज्जा येते!" त्या वेळी मी हसलो आणि विषय बदलला.

दुसऱ्या हंगामात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. माघ महिन्यात, जवळा बाजारातच, दुपारचा मुहूर्त. सकाळी वऱ्हाड आलं, सनई सुरू झाली, व्याही हार हातात घेऊन उभे, आणि मुलीचा बाप गायब! भटजी विचारतात, आचारी विचारतो. मी घाबरून अक्कांकडे गेलो. त्यांनी ताटातले तांदूळ निवडत शांतपणे सांगितलं, "एकोनतिसावा हाय आज. गाडी काढा." मी वऱ्हाडातल्या एकाची मोटारसायकल घेऊन तांड्यावर सुटलो. दार उघडं. आत डोक्याला गुलाबी फेटा, अंगात नवा कोट, आणि हे महाशय चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेले! मला बघून असे खुलले की विचारू नका. "या, या! बराबर वक्ताला आले. दोन माणसं बसली म्हंजे तर घर भरलंच की!"

मी ओरडलोच, "भाऊ, तिकडं लेकीचं लग्न आहे तुमच्या!"

"ठावं हाय हो मला. म्हनून तर आज मुक्काम न्हाई, दोनच तास. लेकीपाशी चारशे माणसं हायत. ह्या घरापाशी कोन हाय?"

मीही चुलीपाशी टेकलो. चहा झाला, भांडी घासली गेली, चूल विझली, कुलूप लागलं. अक्षता पडायच्या वेळी त्यांच्या फेट्याला राख होती आणि कोटाला धुराचा वास येत होता. अक्कांनी ती राख सगळ्यांदेखत पदरानं झटकली.

त्यानंतर आठच दिवसांनी वादळ आलं. गारा, वावटळ, असं वारं की स्टँडपुढचा पिंपळ आडवा झाला. दुसऱ्या दिवशी साडूंचा पोस्टात फोन आला. "साडूभाऊ, थावराचे पत्रे उडाले! पार नाल्यापल्याड जाऊन पडले! पन वादळ मिळतं हो! मी उघडून बघितलं, वादळ मिळतं!" जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'मिळतं' हा शब्द ऐकत होतो. लग्नाच्या आठ दिवसांनी वादळ, म्हणजे त्याआधीच्या मुक्कामाला सदतीस दिवस होऊन गेलेले. सगळं घर आता त्या लग्नाच्या सकाळच्या दोन तासांवर उभं होतं, आणि तिकडं उसाच्या फडात त्या नवराबायकोला घरावर आभाळ उघडं पडलंय याचा पत्ताही नव्हता.

कंपनीचा सर्व्हेअर नांदेडहून आला. तरुण, कमी बोलणारा. साडूंनी साक्षीला मला नेलं होतं. त्यानं भिंती पाहिल्या, नाल्यापलीकडचे चुरगळलेले पत्रे पाहिले आणि मग नेमका तोच प्रश्न विचारला, "घर किती दिवस बंद होतं?"

साडूंनी एकोणतिसाव्या दिवसाची सगळी हकिगत त्याला रंगवून सांगितली. त्यानं लिहिणं थांबवून विचारलं, "शेवटच्या वेळी मुक्काम केलात की नुसते येऊन गेलात?" 'मुक्काम केला' एवढे दोन शब्द पुरे होते. मी साडूंकडे डोळ्यांनी खुणासुद्धा केल्या. पण ते सरळ म्हणाले, "न्हाई. दोन तास होतो. चूल पेटवली, चहा केला. लेकीचं लगीन होतं त्या दिवशी, हे साडूभाऊ मला घ्यायला आले."

"मुलीच्या लग्नाच्या दिवशी तुम्ही इथं होता?"

"मंग? एकोनतिसावा होता न!"

सर्व्हेअरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो उठला, चुलीपाशी बसून राख पाहिली, तांड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना बोलावून विचारलं. मग बराच वेळ लिहीत राहिला. शेवटी म्हणाला, "किल्ली मालकानं दिलेली, घर नेमानं उघडलं जातं, चूल पेटते. हे घर रिकामं पडलेलं होतं असं मी लिहू शकत नाही." साडूंनी अशी टाळी वाजवली की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. पण तो पुढे म्हणाला, "मास्तर, एक विचारू? एवढी यातायात कशासाठी केलीत? आधी एक अर्ज देऊन कंपनीची लेखी संमती घेतली की घर बंद असलं तरी विमा चालू राहतो. त्याच कलमात पुढे लिहिलंय."

साडूंनी पुस्तिका काढली. लाल रेघ 'विमा बंद' इथं येऊन थांबली होती आणि पुढच्या ओळीला पेन्सिलीचं टोकही लागलेलं नव्हतं. न मिळणारं संपलं की ते वाचायचे थांबत, ते इथंही थांबले होते. दोन हिवाळे, लुनाचं दोनदा मोडलेलं चाक, अक्कांची बोलणी, लेकीचं लग्न, सगळं एका अर्जापायी! मी तर कपाळावर हात मारला. साडू मात्र ती ओळ बोटानं पुन्हा पुन्हा वाचत होते. मग त्यांचा चेहरा असा उजळला! "मिळतं! साडूभाऊ, हेबी मिळतं की!"

चैत्रात भरपाई आली, फडावरून मुद्दाम आलेल्या थावराच्या भावानं पत्रे चढवले आणि आखाजीला माणसं परतली तेव्हा घर जागच्या जागी होतं. पुढच्या दसऱ्याआधी साडूंनी अर्ज केला आणि महिन्याच्या आत कंपनीचा कागद आला. आता तांड्यावर जायचं कारण उरलं नाही. त्या वर्षी एकोणतिसावा दिवस आला की ते दुकानात बसायचे, पण चित्त नसायचं. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यांनी खिसा पाठीवर लावला. आम्ही सगळे मात्र सुटकेचा निःश्वास टाकत होतो.

आखाजीला मी तिकडंच होतो. दुपारी कमळाबाई दुकानाच्या पायरीशी आली. म्हणाली, "मास्तर, यंदा आले न्हाई?"

साडूंनी उत्साहानं कागद पुढे केला. "गरजच न्हाई आता! कंपनीनं लिहून दिलं. घर बंद असलं तरी सगळं मिळतं!"

तिनं कागद हातात घेतला, पाहिला, परत दिला. "दोन साल आमी आलो तर रांजन भरेल ऱ्हायचा. चूल सारवेल. सहा महिन्यानं दार उघडलं की वाटायचं, कोनीतरी आपलंच आत्ताच उठून बाहीर गेलं. यंदा उघडलं तर नुसते उंदरं अन् जाळे. लेकरू आत यायला भेलं. कागदानं पानी न्हाई भरलं, मास्तर."

रांजणाचं, सारवण्याचं आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्कांनाही नाही. साडूंनी चष्मा काढला, गळ्यातल्या टेपाच्या टोकानंच पुसला आणि पुन्हा घातला. त्या दसऱ्यानंतर कॅलेंडरवर परत लाल गोल दिसायला लागले आणि पुढे पाच-सहा वर्षं, गुडघे कुरकुरत असतानाही, ते चुकले नाहीत.

ते गेले ते पौषात, हृदयविकारानं, मशीनवर बसल्या बसल्या. तांड्यावरची माणसं तेव्हा उसाच्या फडात होती. दहाव्याला सगळे जमलेले असताना अक्का उठल्या आणि मला म्हणाल्या, "स्कूटर काढा, तांड्यावर जायचं." तेराव्याआधी बाईनं उंबरा ओलांडू नये म्हणून थोरल्या जाऊबाई आडव्या आल्या. अक्का एवढंच म्हणाल्या, "एकोनतिसावा हाय आज. ती बाई आखाजीला येईल. रांजन कोरडा दिसला तर तिला मी काय सांगू?"

मी मुकाट्यानं स्कूटर काढली. इतकी वर्षं या माणसाला हसण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो, आणि त्या दिवशी त्या वाटेवर माझं मलाच काही सुधरत नव्हतं. अक्कांनी शिळं पाणी ओतलं, रांजण घासला, हापशावरून चार खेपा करून ताजं पाणी भरलं. मला हात लावू दिला नाही. चूल सारवली. मग भिंतीला टेकून बसल्या आणि त्या दहा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. मी बाहेर ओट्यावर उभा राहिलो. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या, दाराला कुलूप घातलं आणि ते नीट लागलंय का हे दोनदा ओढून पाहिलं.